जन्मगावापासून हजारो मैलांवरचं न्यू ऑर्लिन्स: डिक्सिलँड जॅझचं दुसरं आयुष्य

यारा_नदीकाठ

न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या पद्धतीच्या जॅझला जगभर डिक्सिलँड म्हणतात. त्यावर मराठीत माझ्या वाचनात फारसं आलेलं नाही, आणि या संगीताला त्याच्या गावाबाहेर जो दुसरा जन्म मिळाला त्यावर तर काहीच नाही. मी मेलबर्नला राहतो, इथल्या एका हौशी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. इथून जे दिसतं ते लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

आधी वाजवण्याची रीत. पुढे तीन वाद्यं असतात: कॉर्नेट किंवा ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि ट्रोम्बोन. कॉर्नेट मूळ चाल धरून चालतं, क्लॅरिनेट तिच्यावरून फिरत राहतं, ट्रोम्बोन खालून टेकू देतं आणि मधल्या रिकाम्या जागा भरतं. तिघंही एकाच वेळी वाजवतात आणि बरंचसं जागच्या जागी सुचलेलं असतं. मागे बँजो, ट्यूबा किंवा डबल बास, पियानो, ड्रम. लष्करी बँड, चर्चमधली गाणी, रॅगटाइम (ठेका चुकवत वाजवायचं पियानोसंगीत), ब्लूज हे सगळं न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर एकमेकांत मिसळलं आणि विसावं शतक उजाडताना ही रीत तयार झाली. बडी बोल्डन हा कॉर्नेटवाला तिचा पहिला मोठा माणूस मानतात. त्याची एकही रेकॉर्ड आज ऐकायला मिळत नाही. जॅझची पहिली रेकॉर्ड झाली ती २६ फेब्रुवारी १९१७ ला न्यूयॉर्कमध्ये, ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँड या पाच गोऱ्या वादकांची. ज्या कृष्णवर्णीय आणि क्रिओल (म्हणजे फ्रेंच-आफ्रिकी मिश्र वंशाच्या) वादकांनी हे संगीत घडवलं, त्यांची पाळी त्यानंतर आली. न्यू ऑर्लिन्सचा मोठा कॉर्नेटवाला किंग ऑलिव्हर याच्या बँडची पहिली रेकॉर्डिंग्ज थेट १९२३ ची.

तिशीच्या दशकात स्विंगचे मोठमोठे बँड आले आणि हे संगीत मागे पडलं. १९४० च्या सुमारास न्यू ऑर्लिन्समधले कितीतरी जुने वादक मिळेल ते काम करून पोट भरत होते. पुढे जगप्रसिद्ध झालेला क्लॅरिनेटवादक जॉर्ज लुईस गोदीवर हमाली करत होता. आणि नेमक्या त्याच काळात दूरदूरच्या गावांत तरुण पोरांनी हे संगीत उचललं. सॅन फ्रान्सिस्कोत लू वॉटर्सनं येर्बा बुएना जॅझ बँड काढला, ऑलिव्हरसारखे दोन कॉर्नेट घेऊन. लंडनच्या टोकाला बार्नहर्स्टमध्ये रेड बार्न नावाच्या पबात, ऐन युद्धात, जॉर्ज वेब आणि त्याचे मित्र जमू लागले. वेब दिवसा शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात कामाला होता. आणि इथे मेलबर्नमध्ये ग्रॅम आणि रॉजर हे बेल बंधू.

मेलबर्नची कहाणी मला सर्वांत जवळची, तेव्हा ती जरा सविस्तर सांगतो.

१९२८ च्या सुरुवातीला सॉनी क्ले याचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड सिडनी आणि मेलबर्नला आला होता. कार्यक्रम गाजले. मग पोलिसांनी ईस्ट मेलबर्नमधल्या एका फ्लॅटवर धाड घातली. काही वादक तिथे गोऱ्या मुलींसोबत सापडले. वर्तमानपत्रांनी रान उठवलं आणि अख्खा बँड देशाबाहेर काढला गेला. गोऱ्यांखेरीज इतरांना देशात येऊ न देणाऱ्या ‘व्हाइट ऑस्ट्रेलिया’ धोरणाचे ते दिवस. त्यानंतर कित्येक वर्षं कृष्णवर्णीय जॅझ बँडना इथली दारं जवळपास बंदच राहिली. न्यू ऑर्लिन्सचा सर्वांत गाजलेला ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग इथे आला तो १९५४ मध्ये. म्हणजे बेल बंधूंच्या पिढीनं ज्यांना गुरू मानलं, त्यांना समोर वाजवताना पाहण्याची सोय त्यांच्याच देशाच्या सरकारनं ठेवली नव्हती. उरल्या फक्त मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या. त्या मागवायच्या, घासून गुळगुळीत होईपर्यंत ऐकायच्या, आणि जमेल तसं उतरवून घ्यायचं.

१९४६ मध्ये बेलच्या बँडनं नॉर्थ मेलबर्नमध्ये अपटाउन क्लब सुरू केला. त्याच वर्षी डिसेंबरात तिथेच पहिलं ऑस्ट्रेलियन जॅझ कन्व्हेन्शन भरलं. वेगवेगळ्या शहरांतले वादक आले, टास्मानियातूनही आले, आणि आपण एकटे नाही हे त्यांना पहिल्यांदा कळलं. नाताळ ते नववर्ष या आठवड्यातलं हे संमेलन गावोगाव फिरत आजवर चालत आलं आहे.

१९४७ मध्ये हा बँड जागतिक युवक महोत्सवासाठी प्रागला गेला. काही महिने चेकोस्लोव्हाकियात फिरला, तिथे रेकॉर्डिंग केलं आणि १९४८ च्या सुरुवातीला लंडनला पोचला. तिथे त्यांनी जे केलं त्यासाठी मला हा बँड सगळ्यात मोठा वाटतो. लंडनचे जॅझप्रेमी तेव्हा या संगीताला देव्हाऱ्यात बसवून होते. खुर्च्या मांडून, हाताची घडी घालून, तबकडीवरच्या मूळ वादनाशी ताडून बघत ऐकायचे. बेलच्या मंडळींनी लेस्टर स्क्वेअरला क्लब उघडला, खुर्च्या बाजूला केल्या आणि लोकांना नाचायला सांगितलं. हे संगीत नाचासाठीच जन्मलं होतं, आणि नाचणारे पाय समोर आले की बँडची लय आपोआप सैल आणि खोल होते. शिवाय ते स्वतःच्या चाली वाजवायचे. आधीच्या कोणत्याही रेकॉर्डवर नसलेल्या, वॉम्बॅटसारख्या इथल्या प्राण्यांची नावं मिरवणाऱ्या.

माझं म्हणणं एवढंच. दूरच्या लोकांनी हे संगीत तबकडीवरून शिकून वाचवलं हे खरं, पण ते जिवंत झालं ते तबकडी बाजूला ठेवल्यावर.

---

अर्धमात्रा

सुरेख धागा. मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे ‘तबकडीवरून शिकून’ या शब्दांवर थबकले. ज्या तबकड्यांवरून ही पोरं शिकली, त्या काय होत्या हे बघायला हवं.

ऑलिव्हरची १९२३ ची पहिली रेकॉर्डिंग्ज इंडियाना राज्यात रिचमंड गावी, जेनेट कंपनीच्या स्टुडिओत झाली. मायक्रोफोन नव्हताच. भिंतीतून बाहेर आलेला मोठा कर्णा, सगळ्यांनी त्याच्या दिशेनं वाजवायचं, आवाजाच्या धक्क्यानं सुई मेणावर खोबण कोरणार. जोरात धक्का बसला तर सुई उडायची. म्हणून ड्रमवाल्या बेबी डॉड्सला त्याचा पूर्ण संच वाजवता आला नाही, लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. बिल जॉन्सन मुळात डबल बासवाला, पण बास कर्ण्यात शिरेना, म्हणून त्याच्या हातात बँजो. तरुण लुई आर्मस्ट्राँगचा आवाज इतका दणदणीत की त्याला बाकीच्यांपासून बराच मागे उभं केलं होतं. भरीला स्टुडिओशेजारून रेल्वेचे रूळ गेलेले. गाडी आली की थांबा.

ती तीन मिनिटं म्हणजे शिकागोच्या लिंकन गार्डन्स नाचघरात हाच बँड रात्रभर जे वाजवायचा त्याचा कर्ण्यात मावेल तेवढा भाग. पुढे पुनरुज्जीवनवाल्या बँडांमध्ये टकटक वाजणारे ठोकळे, ठणठणीत बँजो, अडीच-तीन मिनिटांत आटोपणारी गाणी हे सगळं ‘अस्सल’ म्हणून आलं. त्यातलं बरंचसं यंत्राच्या मर्यादेतून आलेलं आहे. मी तर म्हणेन, त्यांनी न्यू ऑर्लिन्स पुन्हा उभं केलं नाही, रिचमंडचा तो स्टुडिओ पुन्हा उभा केला.

---

जुनी_तबकडी

अर्धमात्रा, तांत्रिक बाजू मान्य. पण शेवटचं वाक्य सरसकट आहे. ज्यांना हे कळलं होतं अशीही माणसं होती, आणि त्यांनी त्यासाठी किंमत मोजली. इंग्लिश ट्रंपेटवादक केन कॉलियरचं नाव या धाग्यात यायलाच हवं.

ब्रिटनमध्येही बंदी होती, कारण वेगळं. १९३५ पासून अमेरिकन बँडना तिथे वाजवायची परवानगी मिळत नसे. वादकांच्या संघटना आणि कामगार खातं यांचा तो वाद होता आणि १९५६ पर्यंत मिटला नाही. १९४९ मध्ये न्यू ऑर्लिन्सचा जुना क्लॅरिनेटवादक सिडनी बेशे लंडनला आला आणि हम्फ्री लिटलटन या इंग्लिश ट्रंपेटवाल्याच्या बँडबरोबर वाजवून गेला, तर आयोजकांवर खटला झाला, दंड झाला. म्हणजे लंडनच्या पोरांचीही मेलबर्नसारखीच गत.

कॉलियर म्हणाला असेल, ते येत नाहीत तर मी जातो. मर्चंट नेव्हीत खलाशी म्हणून भरती झाला. १९५२ च्या शेवटी जहाज अलाबामातल्या मोबिल बंदराला लागलं तेव्हा उतरला आणि बसनं न्यू ऑर्लिन्स गाठलं. तिथे तो जॉर्ज लुईसच्या मंडळींमध्ये बसून वाजवू लागला. तेव्हाच्या दक्षिणेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वादकांनी एकत्र वाजवणं हीच मुळात धोक्याची गोष्ट. परवान्याची मुदत संपली तरी राहिला, अटक झाली, महिनाभराहून जास्त तुरुंगात काढून १९५३ मध्ये मायदेशी पाठवला गेला. तिथून त्यानं धाडलेली पत्रं मेलडी मेकर साप्ताहिकात छापून येत होती. इंग्लंडमधले जॅझवेडे त्यांची वाट बघत असत.

परत आल्यावर त्याच्यासाठी बँड तयार होता: क्रिस बार्बर, मॉन्टी सनशाइन, लॉनी डॉनेगन. वर्षभरात फाटाफूट झाली, कारण कॉलियर तडजोड करत नसे. तिघांनी एकत्र सुचेल तसं वाजवायचं, कोणी एकट्यानं लांबलचक तान मारून टाळ्या घ्यायच्या नाहीत, सगळा बँड एका अंगानं हलला पाहिजे. हे त्यानं तबकडीवरून नाही, त्या म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून शिकलेलं होतं. लोक त्याला हटवादी म्हणतात. मला तो माणूस फार थोर वाटतो.

---

यारा_नदीकाठ

जुनी_तबकडी, कॉलियरबद्दल माझ्याही मनात आदरच आहे. पण बघा ना, तोही तबकडीच्या बाहेर पडला तेव्हाच त्याला ते सापडलं. आपण एकाच बाजूचे आहोत.

फाटाफुटीतून निघालेल्या बार्बरच्या बँडबद्दल एक राहिलं. त्यांच्या कार्यक्रमात मध्ये विश्रांतीसारखा स्किफल नावाचा प्रकार व्हायचा, गिटार आणि साधी लोकगीतं. त्यातलं डॉनेगनचं १९५४ मध्ये रेकॉर्ड झालेलं गाणं पुढे प्रचंड गाजलं आणि ब्रिटनभर पोरांनी गिटारी विकत घेतल्या. लिव्हरपूलमधली काही पोरंही त्यात होती, पुढचे बीटल्स. १९६२ मध्ये ॲकर बिल्क या इंग्लिश वादकाचं क्लॅरिनेट अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. आणि बघता बघता त्याच स्किफलच्या पोरांनी ट्रॅड जॅझची, म्हणजे ब्रिटनमधल्या या जुन्या पद्धतीच्या जॅझची, लाट झोपवली.

---

विहंग७

एक प्रश्न, आणि तो जरा टोचणारा आहे. हे सगळं वाचताना गोरी नावंच जास्त दिसतात. ज्यांचं हे संगीत, त्या कृष्णवर्णीय तरुणांनी १९४० नंतर बीबॉप हा नवा, गुंतागुंतीचा जॅझ केला, ऱ्हिदम अँड ब्लूज केलं, पुढे गेले. त्यांनी टाकून दिलेलं संगीत गोऱ्यांनी ‘वाचवलं’ म्हणायचं? त्यांना हवा होता तो जुना, हसरा, निरुपद्रवी काळा माणूस. न्यू ऑर्लिन्सचा जुना ट्रंपेटवादक बंक जॉन्सन याचं काय केलं ते बघा. शेतात काम करणारा दात पडलेला म्हातारा शोधून काढला, कवळी बसवली, आणि स्टेजवर उभा केला.

---

यारा_नदीकाठ

विहंग, प्रश्न रास्त आहे. पट्टेरी कोट आणि गवती टोप्या घालून वाजवणारे बँड बघितले की मलाही अस्वस्थ वाटतं. त्यात एका शहराच्या दुःखाचा मागमूस नसतो.

पण बंकला नुसतं उभं केलेलं बाहुलं म्हणणं हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे. तो लुइझियानात न्यू आयबेरिया गावी होता. १९३० च्या दशकाच्या शेवटी जॅझच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनी त्याचा पत्ता काढला. पुन्हा वाजवायला दात आणि ट्रंपेट मिळावं ही मागणी त्याची स्वतःची होती. दात बसवून दिले ते सिडनी बेशेचा भाऊ लेनर्ड यानं, तो दंतवैद्य होता. १९४२ मध्ये बंकनं पहिल्यांदा रेकॉर्डिंग केलं. आणि शोधून काढणाऱ्यांचं तो मुळीच ऐकत नसे. त्यांना जुनी स्तोत्रं आणि रॅग हवे असायचे, बंकला त्या वेळची चालू लोकप्रिय गाणी वाजवायची असायची. त्याच्या लेखी तो चालू काळातलाच वादक होता.

दुसरं असं की त्या गावातही हे संगीत आपोआप टिकलं नाही. १९६१ मध्ये सेंट पीटर स्ट्रीटवर प्रिझर्वेशन हॉल सुरू झाला, म्हाताऱ्या वादकांना रोज वाजवायला जागा मिळाली. पण शिकणारी पोरं नव्हती. ती आली १९७० च्या सुमारास. डॅनी बार्कर हा बँजोवादक उमेदीचा काळ न्यूयॉर्कमध्ये कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये काढून गावी परतला होता. त्यानं फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या आधारानं वस्तीतल्या मुलांचा ब्रास बँड उभा केला. त्याच वातावरणातून पुढे डर्टी डझन ब्रास बँड आला, मग रीबर्थ. या पोरांनी जुनी मिरवणूक घेतली आणि तिच्यात फंक घातलं, बीबॉप घातलं. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर आज जे वाजतं ते बार्करच्या हातून आलेलं आहे, आमच्या मेलबर्नच्या हातून नाही, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. म्हणून तर ‘दूरच्यांनी वाचवलं’ याला मर्यादा आहे. दूरच्यांनी म्हाताऱ्यांना मान, काम आणि रेकॉर्डिंगचे पैसे मिळवून दिले. तेही थोडं नाही.

---

मुक्काम_ओसाका

नमस्कार. जपानची बाजू मांडतो, कारण तिथे गोष्ट थोडी वेगळी घडली.

जॉर्ज लुईस १९६० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात तीन वेळा जपानभर दौरा करून गेला. ओसाकातल्या पोरांनी त्याला समोर बघितलं, हात कसे चालतात, श्वास कुठे घेतो ते बघितलं. न्यू ऑर्लिन्स रास्कल्स हा ओसाकाचा बँड त्याच वेडातून मोठा झाला.

टोकियोचे योशिओ तोयामा ट्रंपेट वाजवतात, त्यांची पत्नी केइको बँजो. दोघं १९६८ मध्ये थेट न्यू ऑर्लिन्सला राहायला गेले आणि काही वर्षं तिथेच राहून प्रिझर्वेशन हॉलच्या म्हाताऱ्यांकडून शिकले. परत आल्यावर टोकियो डिस्नेलँडमध्ये वर्षानुवर्षं वाजवलं. त्यांना जपानचे सॅचमो (हे आर्मस्ट्राँगचं टोपणनाव) म्हणतात, गाताना आवाज खरंच तसा लागतो. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. न्यू ऑर्लिन्सच्या गरीब वस्त्यांत पोरांच्या हाती बंदुका दिसतात हे पाहून या दोघांनी जपानमध्ये जुनी वाद्यं गोळा करायला सुरुवात केली. ट्रंपेट, ट्रोम्बोन, सॅक्सोफोन, दुरुस्त करून तिथल्या शाळांना पाठवायचे. न्यू ऑर्लिन्सला बुडवणाऱ्या कत्रिना वादळानंतर हे काम वाढलं. आणि २०११ मध्ये जपानच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली तेव्हा केसेन्नुमा या मच्छीमारांच्या गावातल्या मुलांच्या बँडची वाद्यं वाहून गेली, तर त्यांच्यासाठी न्यू ऑर्लिन्सहून मदत आली.

विहंग७, तुमचा प्रश्न मीही स्वतःला विचारत असतो. मला मिळालेलं उत्तर हे की घेतलेलं परत देता येतं का, यावरून ठरवावं.

---

मांडवीकाठ

छान चाललंय. आपल्याकडची कडी जोडतो.

मुंबईत जॅझ आलं ते पुनरुज्जीवन म्हणून नाही, ताजं असताना आलं. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मग कॉर्नेटवाला क्रिकेट स्मिथ, पियानोवाला टेडी वेदरफर्ड. वेदरफर्डनं शिकागोत विशीच्या दशकातलं खरं जॅझ वाजवलेलं, त्यानं शेवटची वर्षं कलकत्त्यात काढली आणि १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्यानं गेला. त्यांच्या हाताखाली आणि शेजारी आमच्या गोंयच्या पोरांनी शिकून घेतलं. हल्दोण्याचे आंतोनियो वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ट्रंपेट असं वाजवायचे की लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. पुढे ते पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांकडे, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांकडे साहाय्यक होते. १९५१ च्या ‘अलबेला’ची गाणी पुन्हा ऐका आणि फक्त मागच्या ट्रंपेट-क्लॅरिनेटकडे कान द्या.

एक फरक महत्त्वाचा. गोव्यात चर्चच्या पारोकियल शाळेत मेस्त्र, म्हणजे संगीतशिक्षक, पोरांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवायचा. त्यामुळे मुंबईत गोवेकर वादक समोर कागद ठेवला की बिनचूक वाजवत, म्हणून सिनेमावाल्यांना ते हवेच असत. न्यू ऑर्लिन्समध्येही शिकलेले क्रिओल वाचून वाजवायचे आणि अपटाउन या कृष्णवर्णीय वस्तीतले बरेच वादक कानावरून. त्या दोघांच्या सरमिसळीतून हे संगीत झालं. मुंबईत पहिला अर्धा भाग भरपूर होता, दुसरा कमी. इथे जुन्या जॅझचं पुनरुज्जीवन असं झालं नाही, कारण सगळे चांगले वादक सिनेमाच्या स्टुडिओत गुंतले होते. तिथे काम होतं, पैसा होता.

---

बाजेवाला

मी साताऱ्याकडचा. घरात दोन पिढ्या बँडपथकाच्या. चुलते क्लॅरिनेट वाजवायचे, मी युफोनियम. तुमची बरीच नावं मला नवीन आहेत पण वाद्यं सगळी घरची आहेत. लष्करी बँडमधूनच आमच्याकडेही आली.

काल रात्री जॉर्ज लुईस ऐकला, ‘बर्गंडी स्ट्रीट ब्लूज’. डोळ्यात पाणी आलं, खोटं सांगत नाही. चुलत्यांची आठवण झाली.

पण माझा प्रश्न धंद्याचा आहे. आमच्याकडे वरातीत सगळे एकच चाल वाजवतात, वर क्लॅरिनेट, ट्रंपेट, खाली युफोनियम, पण चाल एकच. कोणी सोडून भलतंच वाजवलं तर मास्तर डोळे वटारायचा. हे तिघं वेगवेगळं वाजवतात तर एकमेकांवर आदळत कसे नाहीत? नियम काय?

---

यारा_नदीकाठ

बाजेवाला, तुम्ही आलात याचा फार आनंद झाला. हा प्रश्न मला कोणी विचारावा असं वाटतच होतं.

नियम आहेत, लिहून ठेवलेले नाहीत. कॉर्नेटनं चाल साधी ठेवायची, जितकी साधी तितकी बाकीच्यांना जागा. त्याच्या ओळी जिथे श्वासासाठी थांबतात तिथे ट्रोम्बोन घसरत येतं आणि पुढच्या कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीच्या) मुख्य स्वरावर नेऊन सोडतं. क्लॅरिनेट कॉर्नेटच्या वर, लहान लहान स्वरांत, आणि शक्य तेव्हा कॉर्नेट ज्या स्वरावर उभं आहे तो सोडून दुसऱ्यावर. कॉर्नेट लांब स्वर धरतं तेव्हा मी हलायचं, ते हलतं तेव्हा मी धरायचं.

आमच्या बँडचे म्होरके ट्रोम्बोनवाले आजोबा आहेत, बेलचा बँड त्यांनी लहानपणी ऐकलेला. सराव सुरू झाला की ते आधी ड्रम, बँजो, पियानो सगळं बंद करायला लावतात. फक्त पुढचे तिघं. कॉर्नेटला चाल वाजवायला सांगतात आणि मला म्हणतात, एका ओळीत फक्त दोन स्वर वाजव. दोनच. कुठले, ते तू ठरव. हे फार अवघड जातं. बोटं वळवळतात. पण दोन स्वर निवडायचे म्हटलं की कॉर्नेट ऐकावंच लागतं. मग चार, मग आठ. शेवटी सगळं वाजवायची मुभा मिळते तोवर कान पूर्ण उघडलेले असतात. मागचे लोक आत येतात तेव्हा अंगावर काटा येतो.

एक अपवादही आहे. ‘हाय सोसायटी’ हा जुना मिरवणुकीचा मार्च. त्यातला क्लॅरिनेटचा तुकडा ठरलेला. अल्फोन्स पिकू यानं मूळचा पिकोलो बासरीचा भाग क्लॅरिनेटवर आणला, आणि शंभरहून जास्त वर्षं जगातला प्रत्येक क्लॅरिनेटवाला तोच वाजवतो. कुठल्याही देशात अनोळखी बँडबरोबर उभं राहायचं तर हा तुकडा आला पाहिजे. तुम्हाला वरातीतली घाईची लय माहीत आहे, लवकर जमेल.

---

एल्बेकाठ

मी जर्मनीत ड्रेस्डेनला असते. इथला डिक्सिलँड महोत्सव १९७१ पासूनचा, म्हणजे बर्लिनची भिंत उभी असतानाचा. पूर्व जर्मनीत लोकांना बाहेर जाता येत नव्हतं, त्या काळात नदीवरच्या वाफेच्या बोटींवर आणि चौकांत हे संगीत वाजायचं. आजही मे महिन्यात गाव भरून जातं.

आणि नेदरलँड्सचं कोणी बोललं नाही. डच स्विंग कॉलेज बँडचा जन्मदिवस ५ मे १९४५, म्हणजे देश नाझींच्या तावडीतून सुटला तोच दिवस. हेगमधल्या विद्यार्थ्यांनी बंदीच्या काळात लपूनछपून सराव केला होता. मला वाटतं इथे युरोपात या संगीताला जो अर्थ आला तो न्यू ऑर्लिन्समध्ये नव्हता: पुन्हा मोठ्यानं आवाज करता येण्याचा. त्याला नक्कल कशी म्हणणार?

---

अर्धमात्रा

एल्बेकाठ, हे वाचून मी माझं रिचमंडच्या स्टुडिओवालं वाक्य जरा सैल करते. मूळ गाव उभं राहिलं नाही, पण वाजवणाऱ्याच्या गरजेनं नवं काहीतरी उभं राहिलं. यंत्राबद्दलचं म्हणणं मात्र कायम. ऐकताना लोकांनी १९२३ च्या तबकड्यांबरोबर जॅझचा इतिहासकार बिल रसेल यानं १९४४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जाऊन केलेली रेकॉर्डिंग्जही ऐकावीत. ड्रम आणि बास नीट ऐकू येतात, आणि लय किती वेगळी चालते ते कळतं.

---

विहंग७

तोयामांची गोष्ट आवडली. आता भविष्याचा प्रश्न. मी अमेरिकेत असताना सॅक्रामेंटोचा मोठा जॅझ महोत्सव ऐकायला गेलो होतो, १९७४ ला सुरू झालेला. २०१७ नंतर तो बंद पडला. श्रोते म्हातारे होते, खर्च झेपेना. मेलबर्नचं काय?

---

यारा_नदीकाठ

काळजी आहे. आमच्या कार्यक्रमांना येणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे. पण दोन गोष्टी बघून मला बळ येतं.

एक, नाचणारे. लिंडी हॉप नाचणाऱ्या विशी-तिशीतल्या मुलामुलींना जिवंत बँड हवा असतो. त्यांच्यासमोर वाजवलं की आम्ही सगळे वेगळंच वाजवतो. बेलनं १९४८ मध्ये खुर्च्या का हलवल्या ते तेव्हा अंगात कळतं. दुसरी, न्यू ऑर्लिन्सच्या रॉयल स्ट्रीटवर वाजवणारा ट्युबा स्किनी हा बँड. २००९ पासून रस्त्यावर वाजवतात, विशी-तिशीच्या दशकातल्या विसरलेल्या चाली शोधून काढतात, आणि लोकांनी टाकलेल्या त्यांच्या व्हिडिओंमुळे जगभर तरुण पोरं बँजो आणि कॉर्नेट उचलायला लागली आहेत. ते ऑस्ट्रेलियातही येऊन वाजवून गेले. कॉर्नेटवाली शे कोन अगदी थोड्या स्वरांत वाजवते, आमचे आजोबा तिला ऐकून मान डोलावत राहतात.

आणि कन्व्हेन्शनमध्ये दरवेळी नव्या चालींची स्पर्धा असते. जुन्या पद्धतीत, पण नवी रचना. मी त्यासाठी एक चाल बांधतोय, दुसरा भाग अजून मनासारखा उतरत नाही.

---

बाजेवाला

यारा नदीकाठ, दोन स्वरांचा सराव आमच्या पथकातल्या दोन पोरांबरोबर करून बघितला. ट्रंपेटवाल्याला चाल दिली, क्लॅरिनेटवाल्याला दोन स्वर, मी ट्रोम्बोनच्या जागी युफोनियमवर. पहिल्यांदा गोंधळ झाला. नंतर एक-दोन ओळी अशा लागल्या की पोरंच थांबून एकमेकांकडे बघायला लागली. युफोनियमवर ती घसरत जाणारी मींड येत नाही, व्हॉल्व्ह आडवे येतात. काय करावं?

---

यारा_नदीकाठ

अर्धे व्हॉल्व्ह दाबून ओठांनी स्वर वर न्यायचा प्रयत्न करा, पूर्ण मींड नाही पण चव येते. आणि आमच्या मेलबर्नचा एड मॉन्सबर्ग ऐका, बेलच्या बँडमधला. तो व्हॉल्व्हवालंच ट्रोम्बोन वाजवायचा. घसरण्याऐवजी छोट्या छोट्या ठोक स्वरांनी जागा भरायचा, युफोनियमला ते जास्त सोयीचं. पोरांना लय थोडी संथ ठेवायला सांगा. रेकॉर्ड करता आलं तर इथे टाका, मी आजोबांना ऐकवतो.